मेंदूतील रोहिण्यांचे विरळ भेद: मस्तिष्काघात आणि वाचाघात

१. नाव आणि लक्षण

मेंदूचा रक्तपुरवठा अकस्मात खंडित झाल्याने अथवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने जो विकार उद्भवतो, त्याला मराठीत पक्षाघात, अर्धांगवायू आणि लकवा अशी तीन नावे रूढ आहेत. पक्षाघातातील 'पक्ष' म्हणजे शरीराची एक बाजू. अर्धांगवायूत हीच बाजू 'अर्धांग' होते. आणि अरबीतून आलेल्या लकवा या शब्दाचा अरबीतील अर्थ चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे असा आहे. ही नावे निरनिराळ्या परंपरांतून आली असली, तरी ती एकाच निरीक्षणावर उभी आहेत: हा विकार शरीराला एका बाजूने धरतो. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हे निरीक्षण खरेही ठरते. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्धांना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या सामान्यतः वेगवेगळ्या असतात. त्यामुळे एक रोहिणी बुजली की एका अर्धाची हानी होते आणि तिचा परिणाम शरीराच्या विरुद्ध बाजूवर दिसतो.

तथापि नाव हेच व्याख्येचे काम करू लागले, की नावात न बसणारी उदाहरणे दृष्टीआड होतात. ज्याचे हातपाय दोन्ही बाजूंनी हलतात, पण जो जागा होत नाही. जो लिहू शकतो, पण स्वतःच लिहिलेले वाचू शकत नाही. जो शुद्धीवर आहे, पण बोलण्याची इच्छाच ज्याला उरलेली नाही, अशा रुग्णाला 'पक्षाघात झाला' असे म्हणणे सहजासहजी कोणास सुचत नाही. यांतील काही रुग्णांच्या विकाराचे मूळ त्यांच्या मेंदूतील रोहिण्यांच्या विरळ रचनेत असते. म्हणून प्रस्तुत लेखात या विकारास मस्तिष्काघात असे बाजूनिरपेक्ष नाव योजिले आहे, आणि हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीस रोहिणी म्हटले आहे. 'धमनी' हा तिचाच पर्याय होय.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या शारीररचनेशी काय कर्तव्य, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की मेंदूत भाषेची व्यवस्था कशी लागलेली आहे यासंबंधीचे आजचे ज्ञान प्रामुख्याने वाचाघाताच्या रुग्णांवरून मिळालेले आहे, आणि वाचाघाताचे सर्वांत मोठे कारण मस्तिष्काघात हेच आहे. तेव्हा रोहिण्यांनी पाडलेल्या विभागांना भाषेचे विभाग समजण्याची चूक होण्याचा संभव येथे मूळातच आहे. रोहिण्यांचे विरळ भेद ही चूक उघडकीस आणतात.

२. विलिसचे वर्तुळ

मेंदूला चार रोहिण्यांतून रक्त मिळते. मानेच्या पुढील भागातून दोन अंतःस्थ ग्रीवा रोहिण्या वर जातात, तर मागील बाजूने मणक्यांच्या छिद्रांतून दोन कशेरुक रोहिण्या चढतात. कवटीत शिरल्यावर दोन्ही कशेरुक रोहिण्या एकत्र येऊन मस्तिष्कस्तंभाच्या पुढून जाणारी एकच तलरोहिणी बनते. प्रत्येक ग्रीवा रोहिणीपासून अग्र आणि मध्य मस्तिष्क रोहिण्या निघतात. तलरोहिणीच्या शेवटी दोन पश्च मस्तिष्क रोहिण्या फुटतात. या पुढच्या आणि मागच्या प्रवाहांना लहान संयोजी रोहिण्या जोडतात आणि मेंदूच्या तळाशी एक बहुभुज कडे तयार होते. इंग्लंडमधील वैद्य टॉमस विलिस याने १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या शारीररचनेवरील लॅटिन ग्रंथात या कड्याचे वर्णन केले, आणि त्या ग्रंथासाठी पुढे वास्तुशिल्पी म्हणून कीर्ती मिळविलेल्या ख्रिस्तोफर रेनने आकृत्या काढल्या. त्यामुळे ते विलिसचे वर्तुळ म्हणून ओळखले जाते.

या वर्तुळाचा उपयोग विलिसच्या ध्यानात आला होता. एक वाट बंद झाली तर दुसऱ्या वाटेने रक्त फिरून येऊ शकते, हे त्याचे तत्त्व. परंतु पाठ्यपुस्तकात दिसणारे सममित व पूर्ण वर्तुळ प्रत्यक्षात सर्वांना लाभत नाही. आल्पर्स, बेरी आणि पॅडिसन यांनी १९५९ मध्ये ३५० प्राकृत मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे शेकडा ५२ वर्तुळेच पाठ्यपुस्तकाबरहुकूम होती. अधिक कठोर कसोटी लावणाऱ्या पाहण्यांत हे प्रमाण याहूनही खाली येते. अर्थात येथे 'प्राकृत' रचना ही बहुसंख्येची रचना म्हणून जेमतेमच टिकते.

एखादी संयोजी रोहिणी नसणे आणि ती अगदी बारीक असणे यांत व्यवहारतः फारसा फरक पडत नाही. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह, इतर गोष्टी समान असता, नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलतो, असा प्वाझॉयचा नियम आहे. त्यानुसार व्यास निम्मा झाला तर प्रवाह निम्मा होत नाही, तो एक-सोळांश होतो. रक्तवाहिन्यांना हा नियम तंतोतंत लागू पडत नसला, तरी आकृतीत रेषा दिसते म्हणून वाटही खुली आहे असे का मानता येत नाही, हे त्यावरून कळते.

३. भेद कसे उत्पन्न होतात

हे भेद म्हणजे रोग नव्हेत. बहुतेक भेद गर्भावस्थेतील एखादी तात्पुरती व्यवस्था कायम राहिल्यामुळे निर्माण होतात. डॉर्कस पॅजेट या संशोधिकेने मानवी गर्भांच्या सूक्ष्म छेदांवरून कवटीतील रोहिण्यांचा विकासक्रम मांडला आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. आजचे वर्गीकरण बव्हंशी त्याच पायावर उभे आहे. प्रारंभीच्या गर्भात मागच्या मेंदूला कशेरुक रोहिण्यांचे रक्त मिळत नाही, कारण त्या अजून पूर्ण घडलेल्या नसतात. तोवर ग्रीवा रोहिणीपासून निघणारे काही आडवे पूल ते काम करतात. पुढे कशेरुक रोहिण्या समर्थ झाल्या की हे पूल लोप पावतात.

क्वचित एखादा पूल लोपत नाही. त्यांपैकी त्यातल्या त्यात अधिक वेळा टिकणारा पूल त्रिधारा मज्जातंतूच्या शेजारून जातो व त्यावरूनच त्याला नाव मिळाले आहे. १८४४ मध्ये रिचर्ड क्वेन याने त्याची नोंद केली. रोहिणीचित्रणाच्या पाहण्यांत तो शेकडा ०.१ ते ०.६ इतक्याच व्यक्तींत आढळतो. ज्याला तो आहे त्याला जन्मभर त्याची जाणीवही होत नाही. परंतु मानेतील ग्रीवा रोहिणीत गुठळी सुटली, तर ती या पुलावरून थेट तलरोहिणीत पोचू शकते. अशा वेळी मस्तिष्कस्तंभाच्या विकाराची लक्षणे दिसतात, वैद्य मागच्या रोहिण्यांत कारण शोधतो, आणि कारण मात्र पुढच्या रोहिणीत असते.

विरळ भेदांचे कार्य यावरून स्पष्ट होते. भेद स्वतः सहसा आघात घडवीत नाही. आघात घडविणारी कारणे, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयातून सुटलेली गुठळी, रोहिणीच्या भित्तीवरील मेदाचा थर, ही सर्वत्र तीच असतात. आघात कोठे पडेल, किती पसरेल आणि कोणते रूप घेईल, हे भेदामुळे बदलते.

४. पेर्शरोंची रोहिणी

याचे सर्वांत बोलके उदाहरण थॅलॅमसमध्ये सापडते. थॅलॅमस हा मेंदूच्या गाभ्यातील करड्या द्रव्याचा जोडगोळा. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ आतली खोली असा आहे. जागृती, अवधान आणि स्मृती यांच्याशी त्याच्या मध्यरेषेजवळच्या भागांचा निकट संबंध असतो. या भागांना पश्च मस्तिष्क रोहिणीच्या प्रारंभीच्या तुकड्यापासून निघणाऱ्या सूक्ष्म शाखा रक्त पुरवितात. सामान्यतः डाव्या बाजूची शाखा डाव्या रोहिणीपासून व उजव्या बाजूची उजवीपासून निघते. जेरार पेर्शरों या फ्रेंच संशोधकाने १९७३ च्या सुमारास या शाखांच्या निरनिराळ्या रचना वर्णिल्या. त्यांतील एका रचनेत एकाच बाजूने एकच खोड निघते, पुढे दुभंगते आणि दोन्ही थॅलॅमसना, पुष्कळदा मध्यमस्तिष्काच्या वरच्या भागासही, रक्त पुरविते. हीच पेर्शरोंची रोहिणी.

हे एक खोड बुजले की दोन्ही थॅलॅमसची एकाच क्षणी हानी होते. रुग्ण गाढ झोपेत जातो किंवा गुंगीत राहतो. जागा झाल्यावर त्याला नुकतेच घडलेले आठवत नाही. डोळे वर-खाली फिरत नाहीत. बोलला तर आवाज खोल गेलेला असतो आणि तोच तोच शब्द पुन्हा येतो. हातपाय मात्र पुष्कळदा दोन्ही बाजूंनी हलत असतात. म्हणजे ज्या लक्षणावरून मराठीतील तिन्ही नावे पडली, नेमके तेच लक्षण येथे गैरहजर असते.

परिणामी अशा रुग्णाचे निदान चुकण्याचा धोका मोठा असतो. विषबाधा, मद्याचा अंमल, रक्तातील साखर उतरणे, फेफऱ्यानंतरची ग्लानी यांपैकी काहीतरी असावे असे प्रथम वाटते. पहिल्या काही तासांतील सीटी चित्र पुष्कळदा निर्दोष दिसते. विसरणाधिष्ठित एमआरआय चित्रणात मात्र मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ सममित असे दोन ठिपके उमटतात. खुद्द रोहिणी इतकी बारीक असते की रोहिणीचित्रणात ती बहुधा दिसतही नाही. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. 'एक बाजू लुळी नाही, तेव्हा हा आघात नव्हे' या अनुमानात हाच काळ निघून जातो. डोळ्यांची उभी हालचाल तपासणे हा त्यावरील साधा उपाय, आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

असेच सममित ठिपके इतर कारणांनीही दिसू शकतात. मेंदूतील खोल नीला गोठल्याने ते उमटतात. त्याचप्रमाणे थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या, १८८१ मध्ये वेर्निकेने वर्णिलेल्या विकारातही ते उमटतात. वाचाघाताच्या इतिहासात ज्याचे नाव अढळ आहे तो वेर्निके हाच. येथे उपचार सर्वस्वी भिन्न असल्याने निदानाची अचूकता निर्णायक ठरते.

५. थॅलॅमसची अग्रशाखा आणि शब्द

थॅलॅमसच्या पुढच्या भागाला पश्च संयोजी रोहिणीपासून निघणारी एक स्वतंत्र अग्रशाखा रक्त पुरविते. डाव्या बाजूची ही शाखा बुजली तर वाचाघाताचा एक वेगळाच प्रकार दिसतो. वाक्ये वाहती राहतात, पण शब्द सापडत नाहीत. एका शब्दाच्या जागी दुसराच येतो. आवाज मंद होतो. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखविण्याची शक्ती मात्र बरीच शाबूत राहते.

आता सुमारे एक-तृतीयांश व्यक्तींमध्ये ही अग्रशाखा नसतेच. त्यांच्यात तिचे क्षेत्र मध्यरेषेजवळच्या शाखेकडे गेलेले असते. म्हणून डाव्या मध्यशाखेचा अडथळा एका व्यक्तीत केवळ जागृती आणि स्मृती बिघडवील, तर दुसऱ्या व्यक्तीत त्याच्याच जोडीने शब्दही हिरावून नेईल. बुजलेली शाखा तीच, नावही तेच. भाषिक परिणाम भिन्न. केवळ रोहिणीचे नाव नोंदवून भाषेविषयी निष्कर्ष काढणाऱ्यास हे उदाहरण पुरेसे सावध करणारे आहे.

६. पश्च रोहिणीचा भ्रूणसदृश उगम

गर्भावस्थेत पश्च मस्तिष्क रोहिणी ही ग्रीवा रोहिणीची शाखा असते. पुढे ती तलरोहिणीच्या आधिपत्याखाली जाते. हे स्थित्यंतर अपुरे राहिले तर प्रौढपणीही तिला मुख्यतः ग्रीवा रोहिणीचेच रक्त मिळत राहते. याला भ्रूणसदृश उगम म्हणतात. आंशिक आणि पूर्ण असे दोन्ही प्रकार धरले, तर तो शेकडा दहा ते तीस व्यक्तींत सांगितला जातो. तेव्हा यास विरळ म्हणण्यापेक्षा दुर्लक्षित म्हणणे अधिक योग्य. पूर्ण प्रकार, ज्यात तलरोहिणीकडील जोड जवळजवळ नाहीसा झालेला असतो, तो मात्र बराच कमी आढळतो.

डाव्या पश्च रोहिणीशी भाषेच्या अभ्यासकाचा परिचय जुना आहे. फ्रेंच वैद्य देजेरीन याने १८९२ मध्ये एका सुशिक्षित गृहस्थाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याला सर्व बोलता येत होते, ऐकलेले समजत होते, तो हाताने लिहूही शकत होता. पण वाचता मात्र येत नव्हते, स्वतःचे अक्षरसुद्धा. शवविच्छेदनात डाव्या पश्च रोहिणीच्या क्षेत्रातील हानी आढळली: डावा दृष्टिप्रदेश आणि दोन अर्धांना जोडणाऱ्या तंतुसेतूचा मागील भाग. डोळ्यांनी घेतलेली अक्षरचित्रे उजव्या अर्धात पोचत होती, परंतु तेथून डाव्या अर्धातील भाषेकडे जाण्याचा मार्ग तुटला होता. असे रुग्ण पुष्कळदा शब्द एकेक वर्ण ओळखून जुळवितात. देवनागरीत लिहिणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हे जुळविण्याचे एकक वर्ण ठरते, मात्रेसह अक्षर ठरते, की जोडाक्षरही फुटते, याची नोंद लेखनपद्धतींच्या अभ्यासास मोलाची होईल.

हे लक्षण दिसले की ग्रंथानुसार दोष मागच्या प्रवाहात शोधला जातो. परंतु रुग्णाच्या डाव्या पश्च रोहिणीचा उगम भ्रूणसदृश असेल, तर गुठळी मानेतील डाव्या ग्रीवा रोहिणीतून आलेली असू शकते. याचे व्यावहारिक महत्त्व थोडे नाही. १९९१ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले, की ग्रीवा रोहिणी शेकडा सत्तर किंवा त्याहून अधिक अरुंद झाली असेल आणि तिच्यामुळे अलीकडेच लक्षणे उद्भवली असतील, तर शस्त्रक्रियेने पुढील आघाताचा धोका लक्षणीय कमी होतो. यात 'तिच्यामुळे' हा शब्द कळीचा. वाचन गेले हे लक्षण ग्रीवा रोहिणीच्या खाती टाकायचे की नाही, हे तिच्या एका जन्मजात शाखेवर अवलंबून राहते, आणि ते चुकले तर दुसरा, अधिक मोठा आघात टाळण्याची संधी हुकते.

७. अयुग अग्र रोहिणी

दोन अग्र मस्तिष्क रोहिण्या मेंदूच्या दोन अर्धांमधल्या फटीतून समांतर जातात. क्वचित त्या एकत्र येऊन एकच खोड बनते. त्याला ग्रीकवरून अझायगस असे नाव आहे: 'अ' हा नकार आणि 'झायगॉन' म्हणजे जू. हा ग्रीक शब्द आणि संस्कृतातील 'युग' हे एकाच मूळाचे. म्हणून या रोहिणीस मराठीत अयुग म्हणणे हा अनुवाद असूनही व्युत्पत्तीला धरूनच होतो. खरी अयुग रोहिणी फार थोड्यांत आढळते. तिच्याहून बराच अधिक आढळणारा भेद असा, की एका बाजूच्या अग्र रोहिणीचा प्रारंभीचा तुकडा अतिशय बारीक राहतो आणि दोन्ही अग्र रोहिण्यांना एकाच ग्रीवा रोहिणीचे रक्त मिळते. परिणाम दोहोंचाही सारखाच: एका ठिकाणचा अडथळा दोन्ही ललाटखंडांच्या आतील पृष्ठांस बाधतो.

अशा आघातात दोन्ही पाय लुळे पडू शकतात आणि दोष पाठीच्या कण्यात असल्याचा भास होतो. त्याहून विलक्षण लक्षण म्हणजे गतिहीन मौन. रुग्ण डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, समोरच्या माणसाकडे पाहतो, पण बोलत नाही. येथे शब्द गेलेले नसतात, व्याकरण गेलेले नसते. बोलण्यास प्रवृत्त करणारी प्रेरणा मावळलेली असते. मराठीत अशा रुग्णाविषयीही 'वाचा गेली' असेच म्हटले जाते, आणि शब्द न सापडणाऱ्या व उच्चार न साधणाऱ्या रुग्णांविषयीही तेच. घरच्या माणसांना हा भेद समजावून सांगणे आवश्यक असते, कारण जो बोलत नाही त्याला ऐकू येते आणि समजतही असू शकते.

८. वाचाघाताचे प्रकार कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ब्रोकाने १८६१ मध्ये आणि वेर्निकेने १८७४ मध्ये वर्णिलेल्या वाचाघातांवरून भाषेच्या उच्चारणाचा एक आणि आकलनाचा दुसरा असे प्रदेश कल्पिले गेले. मध्य मस्तिष्क रोहिणी पुढे दोन मुख्य शाखांत विभागते. वरची शाखा ब्रोकाच्या प्रदेशास आणि खालची वेर्निकेच्या प्रदेशास रक्त पुरविते. ब्रोकाच्या वाचाघातात उजवा हात व चेहरा दुबळा होतो. वेर्निकेच्या वाचाघातात सहसा होत नाही. याचे कारण व्याकरणाचे हाताशी काही गूढ नाते आहे हे नसून, हाताच्या हालचालीचा पट्टा त्याच वरच्या शाखेवर अवलंबून आहे, हे आहे. मग तुटक वाक्ये, गळालेले प्रत्यय आणि अडखळते उच्चार ही तिन्ही एकत्र दिसतात, ती एकाच भाषिक शक्तीची अंगे म्हणून, की एका शाखेची शेजारी म्हणून, हा प्रश्न टाळता येत नाही.

शिवाय या शाखांची क्षेत्रे सर्वांत सारखी नसतात. नेदरलँडमधील व्हान डर झ्वान, हिलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रमुख रोहिण्यांच्या क्षेत्रांच्या सीमा व्यक्तिपरत्वे पुष्कळच सरकतात असे दिसून आले. दोन क्षेत्रांच्या सीमेवरील भाग रक्तदाब उतरला की प्रथम उपाशी राहतो, आणि तेथील हानीतून पुनरुक्ती शाबूत ठेवणारे वाचाघात उद्भवतात. सीमाच सरकली तर त्यांचे रूपही सरकणार.

याची उलट परीक्षा दुसऱ्या एका विकाराने उपलब्ध करून दिली आहे. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये हळूहळू वाढत जाणाऱ्या वाचाघाताचे वर्णन केले. त्यात मज्जापेशींचा ऱ्हास होतो; रोहिण्यांच्या क्षेत्रांचे बंधन त्याला नसते. २०११ मध्ये त्याचे तीन प्रकार निश्चित करण्यात आले, आणि ते ब्रोका-वेर्निके परंपरेतील प्रकारांशी जुळत नाहीत. त्यांपैकी एकात शब्दांचे अर्थच क्रमाने विरत जातात, आणि तेथील हानी शंखखंडाच्या अग्रभागी असते. हा अग्रभाग मस्तिष्काघातात एकटा असा क्वचितच सापडतो. साहजिकच शंभराहून अधिक वर्षे भाषेच्या नकाशात त्याला मानाचे स्थान मिळाले नव्हते.

यावरून आघातजन्य वाचाघाताचा पुरावा निरुपयोगी आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. लक्षणे खरी आहेत, आणि त्यांतून भाषेच्या घटकांचे परस्परांपासून सुटेपण दिसते, तेही खरे आहे. परंतु कोणती लक्षणे एकत्र येतात, हे ठरविण्यात भाषेइतकाच रोहिण्यांचाही वाटा असतो, आणि तो वाटा प्रत्येक रुग्णात निराळा असू शकतो. म्हणून मराठी भाषक रुग्णांच्या वाचाघाताची नोंद करताना 'ब्रोकाचा' किंवा 'वेर्निकेचा' एवढे लिहून थांबणे अपुरे होय. रुग्णाच्या रोहिण्यांची प्रत्यक्ष रचना, हानी झालेला भाग, आणि रुग्णाने उच्चारलेली, वाचलेली व लिहिलेली वाक्ये या तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदविल्या जाव्यात. प्रकाराचे नाव त्यानंतर द्यावे. भाषाशास्त्र विभाग आणि मज्जाविकार विभाग यांनी मिळून करावयाचे हे काम आहे. रोहिणीचित्रे रुग्णालयांच्या संग्रहांत पुष्कळदा असतात. त्यांच्याशेजारी रुग्णाची वाक्ये ठेवण्याचे काम भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे आहे.